सूर्याच्या बालपणाची रोजकीर्द

‘आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!’ असे आपण म्हणतो, ते कधी न घडणारी गोष्ट घडली की. भरवशाची परिसीमा सांगायची तर मराठी माणूस सूर्याकडेच बोट दाखवतो. पंचांगात पुढच्या वर्षीच्या सूर्योदयाच्या वेळा मिनिटांसह छापलेल्या असतात आणि त्या चुकत नाहीत. मी तीसहून अधिक वर्षे बँकेत काढली. इतका नेमाचा खातेदार एकही पाहिला नाही. मात्र हा खातेदार जन्मापासून असा नव्हता. त्याचे आजचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे. त्यातल्या अगदी आरंभीच्या काळात त्याचे वर्तन कसे होते याचा तपशील गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हळूहळू हाती आला आहे. तो वाचल्यावर या सद्गृहस्थाविषयीचे आपले मत थोडे तपासून घ्यावे लागते. आणि हा तपशील ज्या मार्गाने हाती आला त्याविषयीही बोलायला हवे. कारण तो मार्गच आता काहींना खर्चिक वाटू लागला आहे.

सूर्याकडे कितीही निरखून पाहिले तरी त्याचे बालपण दिसत नाही. त्यासाठी आज बाल्यात असलेले दुसरे तारे पाहावे लागतात. हिवाळ्याच्या रात्री रोहिणी आणि कृत्तिका यांच्या मधल्या भागात, रोहिणीच्या बाजूला, दुर्बिणीतूनच दिसेल असा एक मंद तारा आहे. १८५२ साली लंडनमध्ये जॉन रसेल हाइंड या खगोलवेत्त्याला तो सापडला. त्याचे नाव टी टॉरी. त्याचे तेज कमीजास्त होत असे, पण त्याला काही नियम नव्हता. तेज बदलणारे तारे, ज्यांना मराठीत रूपविकारी तारे म्हणतात, ते तेव्हा ठाऊक होतेच. पण त्यांतले बरेच घड्याळ लावल्यासारखे वागत. हा मात्र मनाचा राजा. त्याच्याजवळ एक छोटा तेजोमेघ दिसला, तोही पुढे दिसेनासा झाला आणि कालांतराने पुन्हा दिसू लागला. १९४५ साली अमेरिकेत आल्फ्रेड जॉय यांनी अशाच लहरी अकरा ताऱ्यांची एक जात म्हणून नोंद केली. ही लहर म्हणजे कोवळ्या वयाची खूण आहे, हे तारे नुकतेच जन्मले आहेत, असे ठामपणे सांगितले ते आर्मेनियाचे व्हिक्टर अंबार्त्सुमियान यांनी, १९४०च्या दशकाच्या अखेरीस. एखाद्याच्या वागण्यावरून त्याचे वय ओळखावे, तसेच हे.

आता यात ताळेबंद आणि रोजकीर्द यांचा फरक लक्षात घ्यावा लागतो. ३१ मार्चची शिल्लक पाहून खातेदाराविषयी फारसे काही कळत नाही. दोन खात्यांची शिल्लक पैशापर्यंत सारखी असते. पण एकात वर्षभरात बारा नोंदी असतात आणि दुसऱ्यात रोज लाखाची आवक, लाखाची जावक. खरे चरित्र रोजकिर्दीत असते. ताऱ्याचा डोळ्यांना दिसणारा प्रकाश हा बराचसा शिलकेसारखा आहे. टी टॉरी जातीच्या ताऱ्यांचा प्रकाश बदलतो हे खरे, पण त्याला कारणे अनेक. पृष्ठावर मोठे थंड डाग असतात, भोवतीच्या वायूच्या तबकडीतून ताऱ्यावर माल पडत असतो, मध्येच धूळ आडवी येते. या गलक्यात ताऱ्याचा स्वतःचा स्वभाव नेमका कोणता, हे वेगळे काढता येत नव्हते. ते वेगळे काढले क्ष-किरणांनी.

क्ष-किरण हवेतून खाली येत नाहीत, ते वरच्या वर शोषले जातात. त्यामुळे ते पाहायचे तर दुर्बीण पृथ्वीच्या वातावरणाबाहेर न्यावी लागते. १९७८ साली अमेरिकेने ‘आइनस्टाइन’ नावाची क्ष-किरण वेधशाळा अवकाशात पाठवली. तिने भुजंगधारी तारकासमूहातल्या एका काळ्या मेघाकडे पाहिले. या मेघात तारे जन्मतात, पण धुळीमुळे साध्या दुर्बिणीला त्यातले बरेच दिसत नाहीत. क्ष-किरण मात्र धुळीतून बाहेर येतात; डॉक्टर हाड पाहतात तसेच. तिथे ठिपक्यांची गर्दी दिसली आणि पुन्हा पाहिले तर काही ठिपके विझलेले, काही नवे पेटलेले. १९८३ साली तिएरी मोंमेर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दृश्याला ख्रिसमसच्या झाडाची उपमा दिली. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या बाजूला काजव्यांनी लगडलेले झाड पाहिलेल्या माणसाला दुसरी उपमा सुचली असती. असो.

पण अधूनमधून पाहणे वेगळे आणि रोजकीर्द वेगळी. ती लिहिली गेली जानेवारी २००३मध्ये. त्यासाठी ‘चंद्रा’ ही वेधशाळा कामी आली. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची ही वेधशाळा २३ जुलै १९९९ रोजी अवकाशात गेली. पृथ्वीलगत फिरणाऱ्या उपग्रहासमोर दर दीड तासाने पृथ्वीच आडवी येते, आणि नोंद तुटते. ‘चंद्रा’ची कक्षा लांबट आहे, चंद्राच्या अंतराच्या सुमारे एक तृतीयांशापर्यंत ती दूर जाते, आणि एका फेरीला अडीच दिवसांहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे एकाच जागी टक लावून बसणे तिला जमते. शास्त्रज्ञांनी तिला तेरा दिवसांच्या मुदतीत, मधले थोडे खंड वगळता, एकाच जागेकडे पाहायला लावले. ती जागा म्हणजे मृग नक्षत्रातला प्रसिद्ध तेजोमेघ. मृगाच्या चार पायांच्या मध्ये व्याधाने मारलेल्या बाणाचे तीन तारे आपण लहानपणापासून ओळखतो. त्यांच्या खाली बारीक ताऱ्यांची एक ओळ लोंबते. त्या ओळीत धुरकट दिसतो तो हा मेघ. अंतर साधारण १३५० प्रकाशवर्षे. एरिक फीगेलसन यांच्या नेतृत्वाखालच्या या प्रकल्पात १६०० हून अधिक क्ष-किरण स्रोत सापडले, त्यांतले सुमारे १४०० कोवळे तारे.

‘चंद्रा’चे उपकरण क्ष-किरणांचा एकेक कण वेगळा मोजते. कण कुठून आला, केव्हा आला, त्याची ऊर्जा किती, अशी प्रत्येकाची स्वतंत्र नोंद होते. काही मंद ताऱ्यांची तर तेरा दिवसांची सगळी कमाई म्हणजे मोजके कण. आमच्याकडे कॅशियर चिल्लर मोजताना ज्या निष्ठेने बसत, त्याची मला आठवण झाली.

या नोंदींत सूर्याच्याच वजनाचे २८ तारे होते. वय दहा-वीस लाख वर्षे. आजचा सूर्य ४६ वर्षांचा गृहस्थ मानला तर ही बाळे चार ते सात दिवसांची होतात. बारसेदेखील व्हायचे आहे. या प्रत्येक बाळावर साधारण आठवड्याला एक मोठी ज्वाला उसळत होती. ज्वाला म्हणजे चुलीतली नव्हे. ताऱ्याच्या पोटातला तापलेला, विद्युतभारित वायू घुसळत असतो आणि तारा स्वतःभोवती फिरत असतो. त्यामुळे ताऱ्याच्या चुंबकीय रेषांना सुंभासारखा पीळ बसतो. पीळ मर्यादेबाहेर गेला की रेषा तुटतात, नव्याने जुळतात, आणि साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते. आजचा सूर्य आपल्या विषुववृत्ताशी सुमारे पंचवीस दिवसांत एक फेरी घेतो; हे तारे बहुधा काही थोड्या दिवसांतच घेतात. जितकी गिरकी वेगवान तितका पीळ जास्त. त्यांच्या मोठ्या ज्वालांमधला वायू दहा कोटी अंशांपर्यंत आणि कधी त्याहूनही वर तापतो. एकेका ज्वालेत बाहेर पडणारी ऊर्जा आजवर सूर्यावर नोंदलेल्या मोठ्यात मोठ्या ज्वालांच्या शेकडो ते हजारो पट. ज्वाला नसतानाही या ताऱ्यांचे क्ष-किरणांतले तेज आजच्या सूर्याच्या हजारो पट भरते. आपला नेमाचा खातेदार बाळपणी असा होता.

यावर कोणी म्हणेल, ही शेजाऱ्याच्या पोरांची गोष्ट झाली. सूर्याचा स्वतःचा पुरावा काय? तो एका दगडात आहे, असे बरेच शास्त्रज्ञ मानतात. ८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोतल्या अयेंदे गावाच्या परिसरात अशनींचा पाऊस पडला. या दगडांत पांढरट कण असतात, ते सूर्यमालेत सर्वांत आधी घट्ट झालेले पदार्थ. २००० साली अशा कणांत एका मूलद्रव्याची खूण सापडली: बेरिलियम-१०. हे ताऱ्याच्या पोटात तयार होत नाही. वेगवान कण ऑक्सिजनसारख्या अणूंवर आदळून त्यांचे तुकडे झाले तरच ते बनते. त्याचे अर्धायुष्य सुमारे चौदा लाख वर्षे, म्हणजे तेव्हाचे सगळे केव्हाच संपले. मागे उरला त्याचा वारस, बोरॉन. त्या वारसाच्या जादा प्रमाणावरून मूळ धनी ओळखला गेला. हे वेगवान कण बाळ-सूर्याच्या ज्वालांनीच फेकले, असा एक प्रबळ तर्क आहे. काही जण त्याचे श्रेय आकाशगंगेतून येणाऱ्या विश्वकिरणांना देतात. वाद मिटलेला नाही, पण दगडात नोंद आहे, ही गोष्ट वादापलीकडची.

अशा तांडवात ग्रह जन्मले कसे, हा पुढचा प्रश्न. या बाळ-ताऱ्यांपैकी अनेकांभोवती वायू आणि धुळीची तबकडी असते. पृथ्वी अशाच तबकडीतून घडली. ज्वालांचे क्ष-किरण त्या तबकडीवर आदळतात हे प्रत्यक्ष दिसले आहे, कारण तबकडीतले थंड लोखंड त्यांच्या माऱ्याने आपल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण परत टाकते. त्यामुळे वायू विद्युतभारित होतो, चुंबकीय क्षेत्राला बांधला जातो, ढवळला जातो. फीगेलसन यांच्या गटाने २००५ साली एक मजेदार शक्यता मांडली. कोवळा ग्रह शांत तबकडीत हळूहळू ताऱ्याकडे घसरत जाऊन त्यात पडू शकतो. तबकडी ढवळली गेली तर ही घसरण अडते. म्हणजे पृथ्वी वाचली ती बापाच्या आदळआपटीमुळे, असाही अर्थ निघतो. उलट बाजूला नुकसानही आहे. आपल्यापासून बत्तीस प्रकाशवर्षांवर एयू मायक्रोस्कोपी नावाचा, सूर्याहून लहान, जेमतेम दोन-सव्वादोन कोटी वर्षांचा तारा आहे. २०२० साली त्याच्याभोवती एक ग्रह सापडल्याचे जाहीर झाले. साडेआठ दिवसांत एक प्रदक्षिणा, आणि मालक सतत ज्वाला ओकणारा. अशा ग्रहाचे वातावरण टिकते की उडून जाते, हे आज शास्त्रज्ञ डोळ्यांदेखत तपासत आहेत. तरुणपणच्या उच्छृंखलपणातून थोर पुरुष घडतात, वगैरे व्याख्यानी बोध यातून काढायचा मोह होईल. तो मी काढत नाही. तारा हा तारा आहे.

सूर्य आता निवळला. चुंबकीय क्षेत्रात अडकलेला सौरवारा बाहेर जाताना फिरण्याची गती घेऊन गेला, गिरकी मंदावली, पीळ कमी झाला. पण निवळला म्हणजे किती? इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो.

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचे चित्र काढत असताना त्यांना डागांच्या समूहात लखलखीत पांढरा प्रकाश दिसला. पाचएक मिनिटांत तो मावळला. रिचर्ड हॉजसन यांनीही तो स्वतंत्रपणे पाहिला. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. त्या दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकसूचीच्या नोंदी घेणारे लोक कामावर होते. १८४०च्या दशकापासून तिथे या नोंदी चालू होत्या. नेहमी तासातासाने होणारी नोंद त्यांनी वादळात काही मिनिटांच्या अंतराने घेतली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलेला त्यांच्या वहीत उतरला. अनेक ठिकाणची उपकरणे त्या वादळात मापनाच्या पट्टीबाहेर गेली होती. कुलाब्याची नोंद राहिली. ती वापरून भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना, शोभना अ‍ॅलेक्स आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी या वादळाची ताकद काढली ती २००३ साली. योगायोग असा, की ‘चंद्रा’ मृगाकडे टक लावून बसली तेही हेच वर्ष.

१४४ वर्षे त्या वहीला गिऱ्हाईक नव्हते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी सूची बिघडेल, म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली, आणि तिथे ती आजही चालते. हलवताना, सांभाळताना, दर अर्थसंकल्पात कोणीतरी विचारले असेलच: याचा उपयोग काय?

हा प्रश्न मी जवळून ऐकला आहे. २००० नंतर शाखा संगणकाने जोडल्या जात होत्या तेव्हाची गोष्ट. एका शाखेत, नाव कशाला सांगू, जागा अडते म्हणून तळघरातली जुनी लेजरे रद्दीत गेली. चार टेम्पो भरले. दोन वर्षांनी एक वृद्ध बाई १९७०च्या दशकातली ठेवपावती घेऊन आल्या. पावती अस्सल, सही अस्सल, नोंद मात्र नाही. त्यांचे पैसे मिळाले, पण अकरा महिन्यांनी. रद्दीचे जे पैसे आले होते त्यात त्या बाईंच्या रिक्षाचे भाडेही निघाले नसते.

मार्च २०२४मध्ये अमेरिकेच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात ‘चंद्रा’च्या वार्षिक खर्चाला सुमारे चाळीस टक्क्यांची कात्री सुचवण्यात आली. कारण असे दिले गेले, की यान जुने झाले, त्याचे तापमान सांभाळणे अवघड होत चालले आहे. खगोलशास्त्रज्ञांनी जाहीर निषेध केला. माझे मत त्यांच्या बाजूचे आहे. नवे यान सोडताना फोटो निघतात, भाषणे होतात. जुने यान विसाव्या, पंचविसाव्या वर्षी रोज नोंद करते तेव्हा कोणी नारळ फोडत नाही. पण लहरी ताऱ्याच्या बाबतीत जुन्या नोंदीला मोल आहे ते ती जुनी आहे म्हणूनच. आज ज्वाला दिसली, तर काल ती नव्हती हे सांगणारी वही कोणाकडे तरी हवी.

आणि हा केवळ ज्ञानाचा प्रश्न नाही. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात सौरवादळाने वीज गेली आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. ते वादळ १८५९च्या मानाने लहान होते. २०१२ साली जपानच्या फुसा मियाके यांना देवदाराच्या वर्तुळांत इसवी सन ७७४-७७५च्या सुमारास किरणोत्सारी कार्बनची अचानक वाढ आढळली. सूर्याने तेव्हा १८५९पेक्षा मोठा काही प्रताप केला असावा, असे बहुतेकांचे मत आहे. डिसेंबर २०२४मध्ये छप्पन्न हजारांहून अधिक सूर्यासारख्या ताऱ्यांच्या नोंदी तपासून काढलेला निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की अशा ताऱ्यावर सरासरी शंभर वर्षांतून एकदा महाज्वाला उसळते. सूर्य या मंडळीत मोडतो की तो खरोखरच अधिक शांत आहे, यावर चर्चा चालू आहे. आपल्या देशाने २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ सोडले. सूर्याकडे अतिनील प्रकाशात पाहणारी त्यावरची दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ने तयार केली. यानाच्या उड्डाणाला टाळ्या पडल्या, त्या पडायलाच हव्या होत्या. पंधराव्या वर्षी त्याच्या नोंदींसाठी पैसे मागितले जातील, तेव्हा काय होते ते पाहू.

नोंद कशी टिकते याचे एक उदाहरण मला फार आवडते. जानेवारी २००४मध्ये अमेरिकेत केंटकी राज्यातल्या जे मॅकनील या हौशी निरीक्षकाला, घराच्या अंगणातल्या तीन इंची दुर्बिणीतून, मृगात एक नवाच तेजोमेघ दिसला. एका बाळ-ताऱ्यावर तबकडीतला माल एकाएकी जोरात कोसळू लागला होता आणि त्याच्या उजेडाने मेघ उजळला होता. ‘चंद्रा’ने तो भाग आधी २००२ साली पाहिलेला होता, ती नोंद काढून ताडली तेव्हा ताऱ्याचे क्ष-किरण सुमारे पन्नास पट वाढल्याचे कळले. जुने फोटो धुंडाळले तर १९६६ सालच्या एका फोटोत तोच मेघ उजळलेला सापडला. नंतर तो मंदावला आणि २००८ साली पुन्हा उजळला. या वेळी २००८ ते २०१३ टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या खगोलशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक रात्री त्याची नोंद ठेवली. काही लडाखमधल्या हानलेच्या दुर्बिणीतून, काही पुणे जिल्ह्यातल्या गिरवलीच्या डोंगरावरच्या आयुकाच्या दुर्बिणीतून. आमच्याकडे पावसाळ्यात आकाश दिसत नाही, ही या डोंगराची अडचण. पण शेतकऱ्याचा मृग लागतो, म्हणजे जूनमध्ये सूर्य स्वतःच त्या नक्षत्रात असतो, आणि तो तारा तसाही दिवसा उगवून दिवसाच मावळतो. दिवाळीच्या सुमारास आकाश निवळते. तोवर मृगही रात्री वर येऊ लागलेला असतो, आणि वहीचे पुढचे पान सुरू होते.